मेंढरांमागे झालेली उमेदवारी

शास्त्रपाठ : १ शमुवेल, अध्याय १७, वचने ३२ ते ४०



भाताची झोडणी आटोपली म्हणजे आमच्या कर्जत व खालापूर तालुक्यांत माणसे दोन वाटांनी चालू लागतात. एका वाटेने वाड्यांतील कुटुंबे भांडीकुंडी, कोंबड्या व लेकरे घेऊन वीटभट्ट्यांवर जावयास निघतात. दुसऱ्या वाटेने दहावी-बारावी झालेले तरुण व तरुणी आपले कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून घेऊन खोपोली व पाताळगंगा येथील कारखान्यांच्या दारांशी जातात. तेथे त्यांस एकच प्रश्न विचारला जातो, “अनुभव आहे काय?” आणि ते मान खाली घालून म्हणतात, “नाही.” कामावाचून अनुभव नाही व अनुभवावाचून काम नाही, असा हा फेरा आहे. त्यातून पुष्कळ तरुण निराश होऊन परततात व पुढच्या दिवाळीनंतर पहिल्याच वाटेने चालू लागतात. आमच्या मंडळ्यांत असे एकही घर क्वचितच असेल की ज्यास हे दुःख ठाऊक नाही. म्हणून आज ह्या विषयावर शास्त्राच्या उजेडात विचार करावा असे आम्हांस वाटले.

आजच्या पाठात असाच एक तरुण एका राजापुढे उभा आहे. एला खोऱ्यात इस्राएलाचे सैन्य चाळीस दिवस भयाने खिळून राहिले होते. दावीद तेथे शिपाई म्हणून आला नव्हता. बापाने सांगितल्यावरून भावांसाठी भाजलेले धान्य व भाकरी घेऊन आला होता. त्याने लढावयास जाण्याची परवानगी मागितली, तेव्हा शौलाने त्याचे वय पाहिले, पलिष्ट्याची युद्धातील वर्षे मोजली, आणि दोहोंचा मेळ बसत नाही असे ठरविले. कारखान्याच्या दाराशी होते तेच येथे झाले. दाविदाजवळ युद्धाचा अनुभव नव्हता हे खरेच होते. तथापि त्याने मान खाली घातली नाही व खोटेही सांगितले नाही. त्याने राजास आपल्या बापाच्या मेंढरांची गोष्ट सांगितली.

त्याचे ते उत्तर सावकाश वाचा. आपण कोणाचे काम करीत होतो हे त्याने प्रथम सांगितले. मग काम काय होते ते सांगितले. मग त्या कामात सिंह व अस्वल आले हा प्रसंग सांगितला. आपण काय केले हे सांगितले. आणि अखेरीस आपल्यास सोडविणारा परमेश्वर होता हेही सांगितले. एवढ्या थोड्या शब्दांत त्याचे सर्व पूर्वायुष्य राजापुढे उभे राहिले. जगात पुष्कळ ठिकाणी आता बायोडाटा कसा लिहावा हे शिकविणारे वर्ग भरतात. परंतु ह्या मेंढपाळाच्या उत्तराहून अधिक चांगला नमुना आम्हांस ठाऊक नाही. त्यातून आपण तीन गोष्टी शिकू.

पहिली गोष्ट ही की, आपण केलेले काम हे काम आहे असे आधी आपण ओळखले पाहिजे. दाविदाचा वडील भाऊ अलियाब ह्याने त्याला थोडक्याशा मेंढरांवरून हिणविले होते. हिणविणारा परका नव्हता, घरचाच होता. आमच्या तरुणांच्या मनातही असाच एक अलियाब बसलेला असतो. तो म्हणतो, “भट्टीचे काम, रानातले काम, हे कोठे सांगावयाचे असते काय?” परंतु विचार करा. जो मुलगा मे महिन्यात राब भाजतो, पावसाच्या तोंडी पेरतो, आवणीच्या वेळी चिखलात दहा माणसांची ओळ सांभाळतो, त्याला वेळेवर उठणे, पाण्याचा अंदाज घेणे व दुसऱ्याच्या हाताशी हात मिळवून काम करणे येते. भातावर संशोधन करणारे सरकारी केंद्र कर्जत येथेच आहे, व कर्जतचे नाव लावलेल्या भाताच्या जाती कोकणभर लावल्या जातात. अशा तालुक्यात भातशेतीचे ज्ञान हे अज्ञान समजावे, ही आश्चर्याची गोष्ट होय. जी मुलगी बचतगटाची वही लिहिते, जी शब्बाथशाळेत वीस लेकरांस तासभर शांत बसविते, तीही काहीतरी करून दाखवीत आहे. माथेरानच्या वाटेवर पाहुण्यांस नेणारा मुलगा परक्या माणसांशी कसे बोलावे हे शिकलेला आहे.

२०२३ सालच्या जुलैच्या १९ तारखेची रात्र आपल्या तालुक्यांतील कोणीही विसरणार नाही. त्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. वर जावयास रस्ता नव्हता, म्हणून माती उपसण्याची मोठी यंत्रे वर नेता आली नाहीत; जे केले ते पायवाटेने चढून गेलेल्या माणसांच्या हातांनी केले. त्या रात्री व त्यानंतरच्या दिवसांत डोंगराची वाट ठाऊक असणे ह्याचे मोल काय, हे सर्वांनी पाहिले. त्या वाटेचे ज्ञान कोणत्याही दाखल्यावर लिहिलेले नव्हते.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. १४ वर्षांखालील लेकरास मजुरीस लावणे कायद्याने मना आहे, आणि शाळा सोडवून भट्टीवर नेलेल्या बालकाच्या श्रमास आम्ही अनुभव हे गोड नाव देणार नाही. तो त्याच्यावरील अन्याय होय. आईबापांनो, हा लेख दाखवून लेकरांस शाळेतून काढू नका. आम्ही बोलत आहो ते तरुणांविषयी.

दुसरी गोष्ट ही की, काम नेमके सांगावे. दावीद “मी शूर आहे” असे म्हणाला नाही. सिंहाच्या तोंडातून कोकरू सोडविले असे म्हणाला. आमचे तरुण मात्र अर्जात लिहितात, “मी मेहनती, प्रामाणिक व होतकरू आहे.” हे शब्द शेजाऱ्याच्या अर्जातही असतात व त्याच्या शेजाऱ्याच्याही. ते वाचणाऱ्यास काहीच कळत नाही. समजा, एक तरुण दोन हंगाम आईबापांबरोबर भट्टीवर होता. “भट्टीवर मजुरी केली” असे लिहून तो थांबला, तर कोणी पुढे वाचणार नाही. परंतु त्याने असे लिहावे : “मागील दोन हंगाम, कार्तिकापासून वैशाखापर्यंत, वीट थापली. गारा किती ओला हवा हे समजते. रोजच्या विटांची मोजणी व आठवड्याच्या खर्चीचा हिशेब आमच्या कुटुंबासाठी मी लिहीत असे. एकदा मालकाच्या व आमच्या आकड्यांत फरक आला, तेव्हा वही दाखवून तो मिटविला.” ह्यात एकही मोठा शब्द नाही, तरी वाचणाऱ्यास कळते की ह्याला मोजता येते, लिहिता येते व भांडण न करता आपली बाजू मांडता येते. कोणाचे काम, किती दिवस, किती माणसांत, कोणती अडचण आली, काय केले, ह्या पाच प्रश्नांची उत्तरे कागदाच्या एका बाजूवर मावतात. ती आधी घरी लिहावी, आणि एखाद्या वडील माणसापुढे तोंडाने सांगून पाहावी, म्हणजे मुलाखतीच्या वेळी जीभ अडखळत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती सांगताना आम्हांस स्वतःची लाज सांगावी लागणार आहे. शौलाने दाविदास आपले चिलखत घातले, डोक्यावर पितळी टोप ठेविला, कमरेस तरवार बांधली. दाविदाने चालून पाहिले व ते सर्व काढून ठेविले, कारण त्याला त्यांची सवय नव्हती. मग ओढ्यातून पाच गुळगुळीत गोटे घेऊन, आपली नेहमीची गोफण हाती घेऊन तो निघाला. चिलखत राजाचे होते, उत्तम होते, आणि दयेने दिलेले होते. पण ते दुसऱ्याचे होते.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एक तरुण आम्हांकडे आला. बाप वारलेला, धाकट्या दोन बहिणी, घरात दाणा नाही. एका कारखान्यात विजेच्या कामासाठी माणूस हवा होता, व अनुभवाचा दाखला मागितला होता. तो तरुण दोन महिने एका वायरमनबरोबर शिडी धरावयास जात असे, एवढेच. आम्हांस त्याची दया आली, आणि आम्ही मंडळीच्या कागदावर, स्वतःच्या सहीने, दोन महिन्यांची दोन वर्षे केली. आम्ही मनाशी म्हटले की ही प्रीती आहे.

त्याला काम मिळाले. तिसऱ्या आठवड्यात त्याला विजेची एक मोठी पेटी उघडून दुरुस्त करण्यास सांगितले. ती उघडावी कशी हे त्याला ठाऊक नव्हते. आणि दोन वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने “मला येत नाही” असे कोणत्या तोंडाने म्हणावे? त्याने हात घातला. देवाच्या कृपेने त्याचा जीव वाचला, परंतु उजवा तळहात भाजला, व दोन बोटे आजही पुरती मिटत नाहीत. आम्ही त्याच्या खाटेशी बसलो असता तो म्हणाला, “पाळकसाहेब, आमच्या वाडीचा पाण्याचा पंप तीन वर्षे मीच चालवीत होतो. मोटर बंद पडली की मीच फ्यूज बदलीत असे, विहिरीत उतरून फूटव्हॉल्व्ह साफ करीत असे. ते लिहिले असते तर चालले नसते काय?” बंधुभगिनींनो, आम्ही त्याला ते विचारलेच नव्हते. त्याचे खरे काम आमच्या डोळ्यांसमोर, आमच्याच पिण्याच्या पाण्यात होते, आणि आम्ही त्याच्यासाठी खोटे शोधावयास गेलो. ते खरे लिहिले असते तर त्याला मदतनीस म्हणून घेतले असते, व हाताखाली राहून तो शिकला असता. पुढे त्याच दाराशी आमच्या मंडळीतील दुसरा एक मुलगा आमचे पत्र घेऊन गेला. त्या पत्रातील प्रत्येक शब्द खरा होता. दारावरील माणसाने सही पाहिली व पत्र न वाचताच परत दिले.

खोटा दाखला केवळ घेणाऱ्यास दुखवीत नाही, तर त्याच्या मागून येणाऱ्या प्रामाणिक तरुणाचे दारही लावून टाकतो. तरुणांनो, मुलाखतीत “हे मला येते, हे येत नाही, आणि शिकावयास मी तयार आहे” असे सरळ सांगा. येत नाही असे सांगण्यास जे धैर्य लागते, तेही पाहणाऱ्यास दिसते. तुमची गोफण, जिने तुम्ही शेतावरची पाखरे हाकली, तीच घेऊन जा.

आता कोणी विचारील की, ज्याचा हात अजून कशावरच बसलेला नाही त्याने काय करावे? त्यासाठी आमच्या भाषेत एक सुंदर शब्द आहे : उमेदवारी. ज्याच्या ठायी उमेद आहे तो उमेदवार. शिकाऊ उमेदवारांविषयीचा कायदा आपल्या देशात १९६१ साली झाला. त्याप्रमाणे चौदा वर्षे पुरी झालेल्यास उमेदवारी करता येते. धोक्याच्या कामांसाठी मात्र अठरा वर्षे पुरी हवीत. २०१९ च्या नियमांनी ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांस असे उमेदवार घेणे बंधनकारक केले, आणि पाचवी ते नववी शिकलेल्यासाठीही किमान ५,००० रुपये मासिक विद्यावेतन ठरविले. २०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. तिच्या आरंभी बारावी झालेल्यास दरमहा ६,०००, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून किंवा पदविका घेऊन निघालेल्यास ८,००० व पदवीधरास १०,००० रुपये ठरले होते. ज्यांना काम हाताने येते परंतु कागद नाही, त्यांची परीक्षा घेऊन दाखला देण्याची तरतूदही २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत करण्यात आली. अशा योजनांचे नियम वरचेवर बदलतात. म्हणून ऐकीव माहितीवर न विसंबता जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किंवा अलिबाग येथील जिल्हा कौशल्य विकास केंद्रात स्वतः जाऊन विचारावे. एक खूण मात्र ध्यानात ठेवा : उमेदवारीत शिकणाऱ्यास पैसे मिळावयाचे असतात. जो मध्यस्थ तुमच्याकडेच काम लावून देण्याचे पैसे मागतो, त्याच्या दारी पुन्हा जाऊ नका. आणि करारपत्र वाचल्यावाचून, किंवा कोणाकडून वाचून घेतल्यावाचून, त्यावर सही अथवा अंगठा करू नका.

आता आमच्या उपदेशक बंधूंस व बायबलबाईंस दोन शब्द. शौलाच्या सेवकांपैकी एकाने दाविदाची शिफारस केली होती, हे मागच्याच अध्यायात आहे. त्याने आरंभच असा केला की, इशायाच्या त्या मुलास आपण पाहिले आहे. पाहिल्याखेरीज शिफारस करावयाची नाही, हा धडा आम्ही फार उशिरा शिकलो. पौलाने अनेसिमासाठी फिलेमोनास पत्र लिहिले, तेव्हा त्याची मागील चूक झाकली नाही. उलट त्याचे जे देणे असेल ते आपल्या नावावर मांडावयास सांगितले. खरी शिफारस ती हीच, जिच्यासाठी लिहिणारा स्वतः काही देण्यास सिद्ध असतो.

म्हणून प्रत्येक उपदेशकाने एक वही करावी. मंडळीतील प्रत्येक तरुणाचे व तरुणीचे नाव तीत असावे. त्यापुढे कोणते काम, कोणाकडे, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, काय शिकला, हे लिहावे. आणि ज्याने ते काम प्रत्यक्ष पाहिले त्याची सही तेथेच घ्यावी, मग तो शेतमालक असो, गवंडी असो, शाळेचे गुरुजी असोत की बचतगटाची अध्यक्षा असो. सहा महिन्यांनी ती वही उघडून पाहा. ज्या मुलास तुम्ही रिकामा समजत होता, त्याच्या नावापुढे किती ओळी भरल्या आहेत हे पाहून तुम्हांस नवल वाटेल, आणि त्या मुलास तुमच्याहून अधिक.

कर्जत स्थानकात घाट चढणाऱ्या गाड्यांस मागून इंजिने जोडतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहो. बोरघाटाचा चढ काही ठिकाणी ३७ फुटांस एक फूट असा आहे. पुढचे इंजिन एकटे तो चढवू शकत नाही, म्हणून मागची इंजिने रेटा देतात. घाट संपला म्हणजे ती सुटतात व गाडी आपल्या बळाने पुण्याकडे जाते. मंडळीने तरुणांसाठी एवढे करावे. चढावर मागून बळ द्यावे, व सपाटीवर आल्यावर श्रेय न मागता सुटावे.

आणि त्या घाटाची वाट करणारे कोण होते? १८६३ साली तो लोहमार्ग खुला झाला. काम ऐन भरात असता चाळीस हजारांहून अधिक मजूर त्यावर खपत होते. त्यांनी खडक फोडले, बोगदे खणले, आणि तापाने व अपघाताने त्यांपैकी पुष्कळ मेले. त्यांची नावे बोगद्यांच्या तोंडावर कोरलेली नाहीत. त्यांस अनुभवाचा दाखला कोणी दिला नाही. तरी आज खोपोली-कर्जतचा तरुण पुण्यास कामाच्या मुलाखतीस जातो, तो त्या मजुरांच्या हाताचे काम पायाखाली घेऊनच जातो. अशा लोकांची आपण लेकरे आहो. त्यांच्या कामाची लाज आपण का धरावी?

तरुणांनो, येत्या रविवारी उपासनेनंतर एक कोरा कागद घ्या. आजपर्यंत तुमच्या हातांनी जे जे केले ते आठवून लिहा. लहान म्हणून काही गाळू नका, मोठे दिसावे म्हणून काही वाढवू नका. लिहून झाल्यावर तो कागद आपल्या उपदेशकास दाखवा, आणि मग कारखान्याच्या दाराशी जा. “अनुभव आहे काय?” असा प्रश्न आला तर बापाच्या मेंढरांची गोष्ट सांगा.

हे प्रभो, तू सुताराच्या घरी वाढलास व हत्यार धरलेल्या हाताचे मोल जाणतोस. आमच्या तरुणांस आपले काम ओळखण्यास डोळे दे, ते सांगण्यास सरळ वाणी दे, व खोट्या चिलखतापासून त्यांस राख. आम्हां पाळकांच्या व उपदेशकांच्या लेखणीस सत्याचे भय लाव. ज्यांचे हात आमच्या चुकीने दुखावले, त्यांस बरे कर. आमेन.